आबांचा नकार आणि घोडबंदरचं चाक

ताई, नमस्कार. मी कळव्यात राहतो, वय ३१, ऐरोलीतल्या एका कंपनीत सपोर्टला आहे. आम्ही कुंभार. चाळीच्या मागच्या पडवीत आबांचं चाक असायचं. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा ते मुरबाडजवळ आमच्या गावी नेऊन ठेवलं. तेव्हापासून आबा धारावीच्या कुंभारवाड्यातून माल आणून विकतात. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, दिवाळीला पणत्या. शाळेत मला ‘मडक्या’ म्हणायचे. वस्तीत कुणी गेलं की मडक्यासाठी रात्री-अपरात्री आमचंच दार वाजायचं, त्याचीही लाज वाटायची. मागच्या वर्षी ऑफिसने आमच्या टीमला घोडबंदर रोडवरच्या एका पॉटरी स्टुडिओत नेलं. बाकीच्यांची माती चाकावरून उडत होती, माझा गोळा पहिल्याच दाबाला मध्यावर बसला. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘यू आर अ नॅचरल! आधी कधी केलंय का?’ मी नाही म्हणालो. आता दर रविवारी फी भरून तिथे जातो, पण मी कुंभाराचा आहे हे अजून तिथे कुणाला माहीत नाही. नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढावा असं डोक्यात आहे. सहा लाख साठवलेत. बायको म्हणते, वर्षभर बघू. आबांना सांगितलं तर म्हणाले, ‘चाकावरून उठायला मला तीस वर्षं लागली, आणि तू पैसे भरून बसतोस?’ तेव्हापासून तो विषय घरात बंद. पॉटर लोकांच्या मुलाखती वाचतो. कुणी बँक सोडली, कुणी आयटी, सगळ्यांना म्हणे मातीने हाक मारली. मला ती कधी ऐकूच आली नाही. काय करू?
आ., कळवा

प्रिय आ.,

नोकरी सोडू नकोस. निदान यंदा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आबांचं आहे. ते तुला टोमणा वाटलं, मला तो हिशेब वाटतो. आबा मातीला नाही म्हणत नाहीयेत. मातीवर ज्याचं घर चाललं नाही, असा एक माणूस स्वतःचा अनुभव सांगतोय. त्यात काय काय असेल याचा विचार कर. माती मिळेनाशी झाली, ट्रकने यायला लागली तेव्हा तिचे पैसे पडायला लागले. जळण महागलं, आणि वस्तीत धूर चालेना. ठाण्याचा पाऊस चार महिने काही वाळू देत नाही. अर्धवट वाळलेलं भांडं आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, गेलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं, शेजारची दोन घेऊन फुटतं. एक आवा बिघडला की महिन्याची मेहनत राखेत. आणि एवढं करून शंभर पणत्यांचा भाव ठरवणार कोण? समोरचा. कारण पलीकडच्या पाटीत साच्यातल्या पणत्या आहेत आणि गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही.

हा हिशेब तू कधी बसून ऐकलायस का? मला वाटतं नाही. घरात विषय बंद आहे म्हणतोस, तर घरात काढूच नकोस. दिवाळीच्या आधी आबा धारावीला माल आणायला जातील तेव्हा सुट्टी टाक आणि ओझं उचलायला बरोबर जा. तिथे शेकड्याला काय दर पडला, आणताना किती फुटल्या, जांभळी नाक्याला बसायला कुणाला काय द्यावं लागलं, हे विचार. ‘तुम्ही मला का अडवता’ हा प्रश्न तोंडातून काढू नकोस. आपल्याकडचे वडील भावनेवर प्रश्न विचारला की गप्प होतात आणि भावावर विचारला की तासभर बोलतात.

आता त्या ‘नाही’बद्दल. मॅडमनी विचारलं, आधी केलंय का, आणि तू नाही म्हणालास. मी तुला यावरून बोल लावणार नाही. ज्याला ‘मडक्या’ म्हणून हाका मारल्या गेल्या तो टीमच्या सगळ्या माणसांसमोर हात वर करून ‘आम्ही कुंभार’ का सांगेल? पण माझी बाजू तुला कळायला हवी, कारण मी त्या मॅडमच्या बाजूची आहे. नौपाड्यातल्या एका वर्गात मी हौसेने माती शिकले, आजही घरी एक चाक आहे. आम्ही आमच्या मातीच्या गोष्टी बिनधास्त सांगतो, कारण आम्हाला त्या सांगायला काही पडत नाही. माझ्या नखात माती दिसली तर लोक ‘अरे वा, छान छंद’ म्हणतात. तुझ्या आबांच्या नखातली माती पाहून लोकांनी जात ओळखली. गोरोबाकाकांचं नाव निघालं की दोन्ही हात जोडणारेच लोक हे, त्यात कुणी परगावचं नाही.

म्हणून त्या मुलाखती जरा बेताने वाच. त्यात खोटं असतं असं नाही, पण बरंच गाळलेलं असतं. बँक सोडली हे येतं, घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जात होता हे येत नाही. भट्टी कुठे बसवली ते येतं, ती जागा सासऱ्यांची होती हे येत नाही. आणि ज्यांनी दोन वर्षांत स्टुडिओ बंद केला, त्यांची मुलाखत कुणी घेतच नाही. हाकेचं म्हणशील तर बहुतेकांना ती मागाहून आठवते, काम जमल्यावर. तुला ऐकू आली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

पण एक गोष्ट या मुलाखतींमधून क्वचितच कळते आणि ती तुझ्या उपयोगाची आहे. स्टुडिओ पॉटरीचा आपल्याकडचा वंश शोधत गेलास तर मुळाशी पिढीजात कुंभार सापडतो. दिल्लीचे सरदार गुरचरणसिंग भूविज्ञान शिकलेले. १९१९ मध्ये ते जपानला जाऊन तिथली कुंभारकला शिकले, पण दिल्लीच्या निळ्या ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचं, ज्ञान त्यांना मिळालं अब्दुल्ला नावाच्या पिढीजात पठाण कुंभाराकडून. जपानमध्ये हामादा शोजी हा पुढे नावाजलेला कुंभार तंत्रशाळेत सिरॅमिक्स शिकला, इंग्लंडला जाऊन आला, आणि १९२४ मध्ये जाऊन राहिला तो माशिकोत, जिथे स्वयंपाकघरातली साधी भांडी करणारे कुंभार होते. शिकलेली माणसं तुमच्या दाराशी येऊन शिकली आणि पुस्तकात नाव त्यांचं आलं. उलट दिशेने गेलेला माणूस बघायचा असेल तर तुला लांब जायला नको, घोडबंदर रोडनेच पुढे जा. भाईंदरचे ब्रह्मदेव पंडित बिहारच्या कुंभार घरातले. स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट भांड्यांत, त्यांनी जे काम केलं त्यासाठी २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांची पुढची पिढीही मातीतच आहे. कुंभाराच्या मुलाने स्टुडिओत बसणं हा काही चमत्कार नाही. फक्त त्याला वर्षं लागतात, रविवार पुरत नाहीत.

मॅडमना सांग. घोषणा नको, माती मळता मळता सांग की आबांचं चाक होतं आणि मी लहानपणी त्यावर बसायचो. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. त्यांच्या डोळ्यांत आदर आला तर त्यांच्याशी व्यवहाराचं बोल: रविवारी फी भरण्याऐवजी मी माती मळून देतो, नवख्यांचे गोळे सेंटर करून देतो, बदल्यात मला ग्लेझ आणि भट्टी शिकवा. हात असलेला मदतनीस कोणत्याही स्टुडिओला हवाच असतो. दुसरी शक्यता अशी की त्या हुरळतील आणि पुढच्या वर्कशॉपच्या जाहिरातीत तुझा फोटो ‘अस्सल कुंभार’ म्हणून टाकतील. त्याला स्वच्छ नकार दे. धोतर नेसून फेटा बांधून चाकावर बसायला सांगणारे आयोजक मी पाहिलेत, आणि बसणाऱ्याला मिळालेलं मानधनही पाहिलंय.

आता मातीकडे वळू, कारण मला शंका आहे की तुला वाटतंय तेवढं तुला येत नाही, आणि आबांना येतं ते तुला माहीतच नाही.

तुझा गोळा पटकन बसला ते बालपणाचं देणं. पण आबांची माती वेगळी, स्टुडिओची वेगळी. आबांची तांबडी माती ९०० ते १००० अंशांच्या आसपास भाजते आणि सच्छिद्र राहते. माठातलं पाणी थंड होतं ते त्या छिद्रांतून झिरपून बाहेर वाळतं म्हणून. स्टुडिओतला कॉफीचा मग स्टोनवेअरचा. ती माती १२०० ते १२८० अंशांना भाजते, अंग काचेसारखं घट्ट होतं, पाणी जवळपास पितच नाही. आबांची माती त्या भट्टीत टाकलीस तर फुगेल, बसेल, शेल्फला चिकटेल. मग आकसणं बघ. चाकावरून उतरलेला स्टोनवेअरचा मग पक्का होऊन येईपर्यंत दहा-बारा टक्के लहान होतो. ग्लेझ तर पूर्ण वेगळं शास्त्र, त्यात शिसं असलेली स्वस्त ग्लेझं खाण्यापिण्याच्या भांड्याला लावायचीच नाहीत, हे पहिल्या दिवसापासून. यातलं काहीही तुला घरातून मिळणार नाही. ते मॅडमकडून, नाहीतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या सिरॅमिक्स विभागातून, किंवा बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे, तिथे चौकशी करून शिकावं लागेल.

आणि आबांकडचं? ते मात्र मॅडमकडे नाही. माठ अख्खा चाकावर होत नाही, हे तू पाहिलं असशील. चाकावर तोंड आणि जाड अंग काढायचं, ते थोडं सुकू द्यायचं. मग एका हाताने आत गोल दगड धरायचा आणि बाहेरून थापीने ठोकत जायचं. प्रत्येक ठोक्याला भांडं जरासं फिरवायचं. ठोक्यामागून ठोका पोट फुगत जातं, भिंत पातळ होते आणि तळ गोल होतो. आतला हात दिसत नाही. दगड थापीच्या बरोब्बर समोर आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही, ते आवाजावरून कळतं. चुकला की आवाज पोकळ येतो आणि भिंतीला खड्डा पडतो. आमच्या वर्गात एकदा एक म्हातारे कुंभार हे दाखवायला आले होते. शिकलेले आम्ही सगळे भोवती उभे, फोन काढून. नंतर जिने-तिने करून पाहिलं आणि जिचं-तिचं भांडं फाटलं. मातीचा ओलावा किती असला म्हणजे ठोकायला घ्यायचं, यावर आमचा प्रश्न आला तर त्यांनी भांड्याला गाल लावला आणि म्हणाले, एवढं.

घोडबंदर रोडच्या स्टुडिओंमध्ये मग कसा करायचा हे शिकवणारे पायलीला पन्नास मिळतील. माठ ठोकता येणारे किती असतील, तूच मोज. आबा साठीच्या पुढचे असतील असं धरते. ग्लेझ पाच वर्षांनीही शिकता येईल, हे येणार नाही.

म्हणून नोकरी ठेवून हे एक वर्ष असं काढ. गावचं चाक बघायला जा, कल्याणहून मुरबाडची एसटी आहेच. आबांना ‘मला शिकवा’ म्हणू नकोस, ते नाही म्हणतील. ‘चाक तसंच पडून लाकूड खराब होतंय, जरा बघता का’ म्हण. चाक स्वच्छ केलं की माणूस फिरवून बघतो. पुढचं मी सांगायला नको. आणि कामाला सण बांधून घे. संक्रांतीची सुगडं स्वतः कर, थोडीच कर. उन्हाळ्यात माठ. अक्षय्य तृतीयेचा करा-केळी. पावसाळ्यात काही वाळत नाही म्हणजे काय याचा अनुभव घे. भाद्रपदात शाडूचं काम कुणाकडे असेल तर हात लाव. प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आल्यापासून शाडूत हात चालणाऱ्याला मागणी आहे. नवरात्रीचे घट, दिवाळीच्या पणत्या, आणि मधेच कुणाचं तरी मडकं. ते मडकं मागायला आलेल्या माणसाला तुझ्या आबांनी कधी भाव वाढवून सांगितला नसणार. विचारून बघ. मला वाटतं, तुला त्या दाराची जी लाज वाटायची, तिच्याकडे तू बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी बघत होतास. अर्ध्या रात्री सगळ्या वस्तीला ज्याचं घर आठवतं, तो माणूस लहान नसतो.

वर्ष सरल्यावर तुझ्याकडे आकडे असतील. तुझ्या हातचं विकलं किती गेलं, कुणी घेतलं, फुटलं किती. विकण्यासाठी रस्त्यावरच बसायला हवं असं नाही. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये कारागिरांचे मेळे भरतात, तिथे येणारं गिऱ्हाईक हाताचं आणि साच्याचं यातला फरक विचारतं आणि त्याचे पैसेही देतं. सगळं नाही देत, पण देतं.

सहा लाखांबद्दल. पहिल्या वर्षी त्यातून भट्टी घेऊ नकोस. तुझी कच्ची भांडी दुसऱ्याच्या भट्टीत भाडं देऊन भाजून घे, तशी सोय करणारे स्टुडिओ आहेत. भट्टी घ्यायची वेळ आलीच तर विजेचं आधी बघ. सहा किलोवॅटची भट्टी दहा तास चालली तर एका फायरिंगला जास्तीत जास्त साठ युनिट, आणि प्रत्येक भांडं दोनदा भाजतं, एकदा कच्चं आणि एकदा ग्लेझ लावून. घराच्या मंजूर भारात हे बहुधा बसत नाही, थ्री फेज लागू शकेल. कळव्यात २०२० पासून वीज टॉरंटकडे आहे, खाडीपलीकडे ठाण्यात महावितरण, म्हणजे गाळा कुठे घेतोस त्यावर अर्जही बदलेल. फ्लॅटमध्ये भट्टी हा विचार मनातही आणू नकोस, सोसायटी पहिल्याच मीटिंगला उभं करेल आणि त्यांचं बरोबर असेल.

भट्टी थंड होण्याआधी उघडायची नाही हे आबांना कुणी आकडा न सांगता माहीत आहे. तुला आकडा सांगते: ५७३ अंशांना मातीतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, रचना बदलते, चढतानाही आणि उतरतानाही. तिथे घाई केली की भांड्याला बारीक तडा जातो, जो कधी कधी आठवड्याने दिसतो. आबांना विचार, आवा कधी उघडायचा. ते म्हणतील दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दोघांचंही उत्तर एकच आहे, आणि हे त्यांना सांगितलंस तर त्यांना बरं वाटेल. निदान मला वाटलं असतं.

केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत कुंभार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये रोज, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्क्यांनी. ती हाताने स्वतःचा धंदा करणाऱ्यासाठी आहे, तुझ्यासारख्या पगारदारासाठी नाही. आबांनी पुन्हा चाक धरलं तर अर्ज त्यांच्या नावाने कर, जवळच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात, चौकशी होईल. त्यांच्या नावाने म्हणजे त्यांच्याच नावाने. तुझ्या स्टुडिओसाठी त्यांचा अंगठा, असं करू नकोस.

गाळा बघशील तेव्हा तळमजल्याचा बघ. मातीची पोती एकेक पंचवीस-तीस किलोची असतात आणि ती तुलाच उचलायची आहेत. मोरीला थेट माती सोडू नकोस, आधी दोन बादल्यांत गाळ बसू दे, नाहीतर प्लंबर महिन्याला येईल. सुकी माती झाडूने झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. आबांना खोकला असेल तर तेही एकदा दाखवून घे, कळव्याच्या शिवाजी रुग्णालयात छातीचा एक्स-रे होतो. बायकोने दिलेलं वर्ष तिला तारीख सांगून सुरू कर, आणि ते नोकरी सोडल्याच्या दिवसापासून मोजायचं की आतापासून, हेही आजच ठरवून घे. माझ्या मते आतापासून.

तुझी,
ताई